परसातला आंबा बुटका राहतो कशाने?

“कलमाचे झाड आहे, फार मोठे होत नाही.” रोपवाटिकेत आंब्याची पिशवी हातात देताना हे वाक्य हमखास ऐकू येते आणि दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर नुकतेच घर बांधलेल्या माणसाला ते ऐकायचेच असते. साताऱ्याच्या शाहूपुरीत, कराडच्या विद्यानगरात, सांगलीच्या विश्रामबागेत कुंपणाच्या भिंतीपासून हात-दोन हात आत लावलेली अशी कलमे घरोघर दिसतात. पहिली चार-पाच वर्षे सगळे ठीक चालते. मग फांद्या विजेच्या तारेला भिडू लागतात, गच्चीच्या पन्हळीत पाला साचतो, शेजाऱ्याच्या वाळवणावर सावली येते, आणि फळे धरतात ती शेंड्याला, जिथे पोपट आणि वटवाघळे घरमालकाच्या आधी पोहोचतात. शेवटी एका उन्हाळ्यात करवतवाल्याला बोलावून झाड निम्म्यात उडवले जाते, त्यावर दोन-तीन वर्षे मोहोर येत नाही आणि बोल लावला जातो तो रोपवाटिकेला. खरे तर रोपवाटिकेने कलम चोख दिलेले असते. कलम केल्याने झाड लवकर फळते आणि जातीला धरून फळते, एवढाच त्याचा वायदा असतो. झाड किती वाढणार, हे खालचा खुंट, वरची जात आणि मुळाखालची जमीन या तिघांच्या हिशेबावर ठरते. आंब्याच्या बाबतीत आपल्याला खुंट निवडता येत नाही आणि जमीन तर जिथे प्लॉट मिळाला तीच असते. म्हणून सातारा-सांगलीकडे परसातले झाड लहान ठेवण्याचे खरे साधन कलमाचा चाकू नसून छाटणीची कात्री आहे, आणि ती पहिल्या वर्षापासून चालवावी लागते.

कलमाने नेमके काय साधते, ते आधी जवळून पाहू. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रुळवलेल्या कोय कलमाचे उदाहरण घेऊ. जून-जुलैत रुजलेल्या कोयीचा कोंब दहा-पंधरा दिवसांचा, अजून तांबूस आणि लुसलुशीत असतानाच चार बोटांच्या उंचीवर छाटतात आणि मधोमध दीड-दोन इंच उभी चीर देतात. ज्या मातृवृक्षाची काडी घ्यायची, तिची पाने आठ-दहा दिवस आधीच देठ ठेवून कापलेली असतात. पुढे देठ आपसूक गळतात, शेंड्याचा डोळा फुगतो आणि मगच काडी तोडतात. काडीच्या बुडाला दोन्ही अंगांनी तासून पाचर करतात, ती चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधतात. साल आणि लाकूड यांच्या मध्ये, बोटाला किंचित बुळबुळीत लागणारा एक अतिशय पातळ थर असतो. झाडाच्या खोडाला जाडी देणाऱ्या नव्या पेशी याच थरात तयार होतात. खुंटाचा हा थर आणि काडीचा हा थर निदान एका बाजूने तरी एकमेकांना टेकला पाहिजे, नाहीतर पट्टी कितीही घट्ट बांधा, काडी वाळते. थर जुळला तर दोन-तीन आठवड्यांत तांबूस पालवी डोकावते आणि तिथून पुढे दोन जीव एका झाडासारखे वागू लागतात. तरी वरच्याची पेशी वरचीच राहते आणि खालच्याची खालचीच. हापूसची काडी रायवळाच्या मुळावर जगते, पण फळ हापूसचेच देते.

काडी मोठ्या झाडाची असते, ही यातली महत्त्वाची गोष्ट. कोयीपासून वाढणाऱ्या आंब्याला बालपण काढावे लागते. सात-आठ, कधी दहा वर्षे तो नुसता वाढतो, मोहोराचे नाव नाही. फळत्या झाडाची काडी मात्र वयात आलेले लाकूड घेऊन येते. म्हणून वीतभर उंचीच्या कलमाला पहिल्याच हिवाळ्यात मोहोर फुटलेला दिसतो आणि घरातल्या मंडळींना कोण कौतुक वाटते. लवकर फळायला लागलेले झाड आपल्या अन्नाचा वाटा फळांना देते, त्यामुळे लाकूड वाढवण्याचा त्याचा वेग जरा मंदावतो. कोयीच्या रायवळाशी तुलना केली तर कलमी आंबा थोडा आटोपशीर असतो, हे खरेच. ‘कलम लहान राहते’ हा समज या अर्ध्या सत्यावर उभा आहे. उरलेले अर्धे सत्य पाहायला आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जावे. तिथल्या जुन्या हापूस बागांत घराच्या कौलांवरून सहज डोकावणारी, चाळीस फुटांच्या घरात गेलेली झाडे आहेत आणि ती सगळी कलमे आहेत. आंब्याची कलमे बांधण्याची कला पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात रुजली आणि तिथून कोकणात पसरली. चार शतकांच्या त्या अनुभवात बागायतदाराने दोन झाडांत तीस-पस्तीस फूट अंतर ठेवायची रीत पाडली, ती काही उगाच नाही. शिवाय त्याच हापूसचे कलम देवगडच्या कातळावर खड्डा फोडून लावले तर बेताचे राहते आणि खोल मातीच्या खाचरालगत लावले तर भरमसाठ वाढते. खुंट तोच, काडी तीच, फरक फक्त मुळाला मिळणाऱ्या मातीचा. आता कृष्णाकाठची काळी माती आठवा. सांगली-मिरजेच्या प्लॉटमध्ये पुरुषभर खोदले तरी मुरूम लागत नाही. अशा जमिनीत, वर्षभर नळाचे आणि मोरीचे पाणी पिणारे कलम लहान राहील, ही अपेक्षाच मुळी जमिनीच्या स्वभावाविरुद्ध आहे.

मग कलमाने झाड लहान ठेवता येतच नाही का? येते, आणि इतक्या खात्रीने येते की युरोपातला सफरचंदाचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. तिकडे ‘पॅरडाइज’ नावाच्या बुटक्या खुंटावर सफरचंद बांधण्याची चाल जुनी होती, पण रोपवाटिकांत त्या नावाखाली वाटेल ते विकले जाई. एकाच नावाची वेगवेगळी झाडे आणि एकाच झाडाला वेगवेगळी नावे, असा गोंधळ होता. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग इथल्या संशोधन केंद्रात रोनाल्ड हॅटन यांनी १९१२ पासून ठिकठिकाणचे हे खुंट गोळा केले, शेजारी शेजारी लावून पारखले आणि नावांचा पसारा बाजूला सारून त्यांना सरळ क्रमांक दिले. त्यातला नववा, म्हणजे आजचा जगप्रसिद्ध ‘एम ९’. या खुंटावर बांधलेले सफरचंद आठ-दहा फुटांवर थांबते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळते. हेच सफरचंद जोमदार खुंटावर बांधले तर पंचवीस-तीस फुटांचा वृक्ष होतो. काडी एकच, खाली खुंट बदलला आणि झाडाची उंची तिसऱ्या हिश्शावर आली. असे का होते, याचे उत्तर शास्त्रज्ञ अजूनही पूर्ण एकमताने देत नाहीत. बुटक्या खुंटाच्या मुळात लाकूड कमी आणि साल जाड असते, पाणी वर चढवणाऱ्या नळ्या अरुंद असतात आणि सांध्यातून पाण्याचा ओघ अडखळतो. शेंड्याकडून मुळाकडे उतरणारे ऑक्सिन हे संजीवकही या सालीतून सावकाश उतरते. त्यामुळे मुळे कमी वाढतात आणि मुळांकडून वर जाणारे, फुटवे फोडणारे सायटोकायनिन कमी पडते. या कारणांपैकी कशाचा वाटा किती, हा वाद तज्ज्ञांचा. माळ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. एम ९ चे प्रत्येक रोप दुसऱ्या रोपासारखेच असते, कारण ते बियांपासून करतच नाहीत. मातृझाडाच्या बुडाशी माती चढवून, त्यातून मुळे फुटलेले धुमारे तोडून ते वाढवतात.

इथेच आपल्या आंब्याची गाडी अडते. आपल्या रोपवाटिकांत आंब्याचा खुंट म्हणजे रायवळाची कोय. रसाच्या कारखान्यातून, बाजारातून, गावच्या जुन्या झाडांखालून पोत्यांनी कोयी येतात आणि गादीवाफ्यावर रुजवल्या जातात. पश्चिम आणि उत्तर भारतातले बहुतेक आंबे, हापूस-केसर-दशहरी धरून, एका कोयीत एकच गर्भ धरणारे आहेत, आणि तो गर्भ परागीभवनातून आलेला असल्यामुळे प्रत्येक रोप वेगळ्या रक्ताचे असते. एका ओळीत ठेवलेल्या शंभर पिशव्यांत शंभर निरनिराळे खुंट असतात. कोणता जोमदार, कोणता मंद, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. पाटीवर नाव असते ते फक्त वरच्या काडीचे. १९१२ पूर्वी सफरचंदाची जी अवस्था होती, त्याहून आपला आंबा एक पायरी मागेच आहे म्हणायचा. केरळ आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या काही आंब्यांत मात्र एका कोयीतून तीन-चार कोंब येतात. त्यांतले बहुतेक आईच्याच पेशींपासून झालेले, म्हणजे तंतोतंत आईसारखे असतात. ओलूर, चंद्रकारन, कुरुक्कन, वेल्लैकोलंबन ही त्यांतली नावे. यांतल्या वेल्लैकोलंबनवर बांधलेला हापूस बेताचा राहतो, असे दक्षिणेतल्या प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे वाट आहे, पण ती कोकणातल्या किंवा कराड-सांगलीच्या रोपवाटिकेपर्यंत आलेली नाही. आंब्याची फांदी मातीत खोवून मुळे धरत नाही, त्यामुळे सफरचंदासारखी खुंटाची हुबेहूब रोपे करण्याचा मार्गही आंब्यात सहज चालत नाही. तेव्हा कोणी ‘बुटक्या खुंटावरचे कलम’ म्हणून जास्त पैसे सांगितले, तर खुंटाच्या जातीचे नाव विचारावे. नाव सांगता आले नाही तर जास्तीचे पैसे कशाचे, एवढे तरी कळेल.

खुंटाची ताकद काय असते हे पाहायला इंग्लंडला जायची गरज नाही, मिरज-तासगावच्या कोणत्याही द्राक्षबागेत ते दिसते. सांगलीकडची द्राक्षे पूर्वी स्वतःच्याच मुळावर असत. थॉमसन किंवा तास-ए-गणेशची काडी मातीत खोवली की वेल तयार. पुढे पाणी खारवले, जमिनी चोपण झाल्या, दुष्काळात वेली खंगू लागल्या आणि १९९० नंतर बागायतदार झपाट्याने खुंटाकडे वळले. त्यातला सर्वांत चाललेला खुंट डॉगरीज, मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा अमेरिकी खुंटांनीच ते सावरले होते. आपल्याकडे कारण किडीचे नव्हते, मिठाचे आणि टंचाईचे होते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास डॉगरीजची रोपे शेतात लावायची, पावसाळ्यात ती पेन्सिलीएवढी जाड झाली की ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर हव्या त्या जातीचे पाचर कलम भरायचे, ही पद्धत आता तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. परसबागेच्या दृष्टीने यातली ध्यानात घ्यायची गोष्ट म्हणजे डॉगरीजने वेल लहान झाली नाही. उलट तिचा जोम इतका वाढला की काही जमिनींत पानेच पाने आणि घड कमी अशी तक्रार येऊ लागली. म्हणूनच मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने जिथे जोम आवरायचा तिथे ११०-आर सारख्या दुसऱ्या खुंटाचा पर्याय पुढे आणला. कलम तेच, चाकू तोच, पट्टी तीच. इंग्लंडात त्याने झाड बुटके केले आणि सांगलीत वेल दांडगी केली. कलमाला स्वतःचा असा आकार नाही, आकार खुंटाच्या स्वभावात आहे, याचा याहून घरचा पुरावा दुसरा कुठला द्यायचा?

मग आकार आवरायचा कसा, या प्रश्नाचे उत्तरही त्याच द्राक्षबागेत आहे. द्राक्ष ही मुळात रानात झाडांवर चढून पन्नास-साठ फूट जाणारी वेल. तिच्याखाली डॉगरीजसारखा दांडगा खुंट, वरून ठिबकने खतपाणी, आणि तरी ती माणसाच्या हाताला लागेल अशा मांडवावर वर्षानुवर्षे बसून राहते. कशामुळे? एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, वर्षातून दोनदा चालणाऱ्या कात्रीमुळे. बागायतदाराने कामाची वाटणी केली आहे. जमिनीशी झगडायला मजबूत मूळ, आणि आकार राखायला कात्री. परसबाग करणारा ही दोन्ही कामे एका रोपाकडून करून घ्यायला पाहतो आणि तिथेच फसतो. समजा उद्या आंब्याचा एम ९ निघाला आणि सांगलीच्या रोपवाटिकेत विकायलाही आला, तरी तो सगळीकडे लावावा असे म्हणता येणार नाही. बुटक्या खुंटाची मुळे थोडी आणि उथळ असतात. एम ९ वरच्या सफरचंदाला जन्मभर काठीचा आधार द्यावा लागतो आणि पाण्याचा खाडा त्याला सोसत नाही. आपल्या दोन जिल्ह्यांत महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि माण, आटपाडी, जतकडे तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. म्हसवडच्या परसात, जिथे पिण्याच्या पाण्याचीच वानवा, तिथे दुबळ्या मुळाचे झाड लावून काय साधणार? तिथे खोल जाणारे रायवळाचे मूळच हवे, शक्य तर जागेवर कोय लावून तिथल्या तिथे कलम केलेले, म्हणजे पिशवीत मुरडलेल्या सोटमुळाची अडचणही राहत नाही. लिंबूवर्गात तर बुटका खुंट खरोखर उपलब्ध आहे, ट्रायफोलिएट नावाचा तीन पानांचा काटेरी संत्रा. पण त्याला चुनखडीची जमीन अजिबात मानवत नाही, आणि आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांत चुनखडीला तोटा नाही.

‘फळझाडाला कात्री लावली तर फळे कुठून येणार?’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे, त्याला उडवून लावू नये. आंब्याचा मोहोर पक्व फांदीच्या टोकाला येतो. डिसेंबरात टोके कापली तर त्या वर्षीचा आंबा गेला, आणि करवतवाल्याने मे महिन्यात जाड फांद्या उडवल्या तर झाड पुढची दोन वर्षे नुसते धुमारे फेकत बसते. आक्षेप छाटणीवर नसून वेळेवर आणि मापावर आहे, असे मानले की वाट सापडते. घाटावरचा केसर मेअखेर-जूनमध्ये उतरतो. फळे उतरली की पंधरवड्याच्या आत, पाऊस मुरायच्या सुमारास, फळ दिलेल्या फांद्यांची टोके वीत-दोन वीत मागे घ्यायची. जून-जुलैत तिथून नवी पालवी फुटते, ऑक्टोबरपर्यंत ती पिकून गडद होते आणि थंडीत तिच्यावर मोहोर येऊ शकतो. हीच छाटणी ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत रेंगाळली तर पालवी कोवळी राहते आणि मोहोर हुकतो. सुरुवात मात्र रोप लहान असतानाच करायला हवी. खोड गुडघ्याच्या वर, दोन-सव्वादोन फुटांवर छाटावे, फुटलेल्या धुमाऱ्यांतले चारी दिशांना जाणारे तीन-चार ठेवावेत, ते पुन्हा तेवढेच लांब झाले की त्यांचीही टोके घ्यावीत. दोन-तीन वर्षांत झाडाचा सांगाडा छत्रीसारखा पसरट होतो. छाटल्यावर फुटवे का येतात, तेही साधेच आहे. शेंड्याचा डोळा ऑक्सिन पाठवून खालच्या डोळ्यांना दाबून ठेवत असतो. शेंडा गेला की तो दाब उठतो. जाड कापावर मोरचूद आणि चुना प्रत्येकी एक किलो, दहा लिटर पाण्यात, या प्रमाणात केलेली बोर्डो पेस्ट फासावी. घरच्या एका झाडाला याचा दहावा हिस्साही पुरतो. आठ-नऊ फुटांवर राखलेल्या झाडाला फळ कमी लागते, हे कबूल. पण मोठ्या झाडाच्या पोटातल्या अंधाऱ्या फांद्या फळत नाहीत, फळ धरते ते उन्हातल्या बाहेरच्या घेरात. लहान झाडाचा जवळजवळ सगळाच घेर उन्हात असतो. शिवाय चार-पाच माणसांच्या घराला एका आठवड्यात उतरणारे पाचशे आंबे करायचे काय, हाही प्रश्न आहेच. वाटावाटीत शेजार गोड राहतो, हा फायदा वेगळा.

पहिल्या दोन वर्षांत आलेला मोहोर खुडावा, असे सगळे सांगतात आणि ते बरोबर आहे, कारण सांगाडा अजून तयार व्हायचा असतो. बागायतदार तो तीन-चार वर्षे खुडतो, कारण त्याला मोठे झाड हवे असते. परसबागेत इतके थांबायचे कारण नाही. तिसऱ्या वर्षीपासून थोडी फळे राहू दिली तर वाढीला आपोआप लगाम बसतो. जात निवडतानाही थोडी मदत मिळते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून काढलेली आम्रपाली त्याच रायवळ खुंटावर बांधली तरी बेताची राहते आणि दरवर्षी फळते. म्हणजे बुटकेपणा काडीतही असू शकतो. दापोलीची रत्ना ही नीलम आणि हापूसची लेक, तीही हापूसच्या मानाने आवाक्यातली. अर्थात आम्रपालीचा स्वाद हापूसवर वाढलेल्या जिभेला रुचेलच असे नाही.

सगळीच झाडे कात्रीला सारखी वश नसतात. पेरू सर्वांत गुणी, कारण तो नव्या फुटीवरच फुलतो. पुण्याच्या गणेशखिंड बागेत १९२७ मध्ये डॉ. जी. एस. चीमा यांनी निवडलेला लखनौ-४९, म्हणजेच आपला सरदार पेरू, मे महिन्यात छाटला तर पावसाळ्याच्या फुटीवर फुले धरतो आणि फळमाशीचा ताप कमी असताना थंडीत फळे देतो. लखनौच्या संशोधन संस्थेने तर छाटणीच्या भरवशावर पेरूची झाडे दोन मीटर बाय एक मीटर इतक्या दाटीत लावून दाखवली, म्हणजे हेक्टरी पाच हजार. बोराचेही तसेच. माण-खटावच्या कोरड्या परसात गावठी बोरावर डोळा भरून उमराण करावा आणि दरवर्षी एप्रिल-मेमध्ये, पाने झडून झाड झोपलेले असताना, बिनदिक्कत छाटून टाकावा. सीताफळ पानगळीत, फेब्रुवारी-मार्चला, हलके छाटले तर चालते. डाळिंब मुळात झुडूपच, त्याला गुटी कलम पुरे. लिंबाचे वाळके आणि सरळसोट चढणारे धुमारे तेवढे काढावेत, जास्त हात लावू नये. चिकूशी मात्र कात्रीचे जमत नाही. खिरणीच्या खुंटावर बांधलेला कालीपत्ती सावकाश पण निश्चयाने वाढतो आणि फुले टोकांनाच धरतो. टोके घेतली तर चिकू गेले, न घेतली तर अंगण गेले. जागा नसेल तर चिकूचा मोह आवरावा.

झाड ड्रममध्ये लावले तर मुळे कोंडली जातात आणि ते लहान राहते, हे खरे आहे. पण मे महिन्यात सांगलीच्या गच्चीवर तापलेल्या ड्रमातल्या आंब्याला दोन वेळा पाणी चुकले तर तो वाळतो, आणि दोन-तीन वर्षांनी मुळांचे वेटोळे काढून माती बदलावी लागते. ज्याला हे निगुतीने जमेल त्याने करावे. पॅक्लोब्युट्राझोल, कोकणात ज्याला ‘कल्टार’ म्हणतात, ते जिबरेलिन हे वाढीचे संजीवक रोखते. त्यामुळे फांद्यांची वाढ आखूड होते आणि मोहोर हमखास येतो. व्यापारी हापूस बागेत त्याला स्थान आहे. पण ते मातीत दीर्घकाळ टिकून राहते, आणि परसात आंब्याच्याच आळ्याशेजारी मेथी-कोथिंबिरीचा वाफा असतो, हे विसरू नये.

कलमाचा चाकू परसातून हद्दपार करा, असा याचा अर्थ मुळीच नाही. एका झाडाच्या जागेत तीन झाडे मिळवायची असतील तर त्याच्यासारखे साधन नाही. तीन फांद्यांचा सांगाडा तयार झाला की पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक फांदीच्या कोवळ्या फुटीवर वेगळी काडी बांधता येते. एकीवर हापूस, दुसरीवर केसर, तिसरीवर उशिरा येणारा नीलम किंवा लोणच्यापुरता एखादा आंबट रायवळ. फळे पंधरा दिवसांत एकदम पडण्याऐवजी मे ते जुलैपर्यंत पुरवून येतात आणि घराला तेच सोयीचे. मूळ सांध्याच्या खालून, म्हणजे जमिनीलगत, फुटणारा रायवळाचा कोंब दिसला की तो बोटाने मोडून टाकावा. तो आडदांड असतो, दोन पावसाळ्यांत वरच्या कलमाला उपाशी मारतो आणि घरचे लोक मात्र ‘कलम पलटले’ म्हणत बसतात. कलम बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी सांधा धरल्यावर चिरून काढावी, नाहीतर खोड फुगल्यावर ती सालीत रुतते आणि पहिल्या वादळी वाऱ्यात झाड तिथेच मोडते. तीन जातींच्या झाडावर तिन्हींचा जोर सारखा नसतो. दांडगी फांदी सगळा रस ओढून घेते आणि दुबळी दोन-तीन वर्षांत वाळून जाते. तेव्हा जूनमध्ये कात्री घेतली की दांडगीची टोके जास्त मागे घ्यावीत आणि दुबळीला त्या वर्षी हातही लावू नये.